एकाच बाकावर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जर्मनी देशातील म्यूनिक शहरी तीन आठवडे राहून आलो, ही वार्ता आता शाळेत जुनी झाली आहे. तेव्हापासून वर्गात, व्हरांड्यात, किंबहुना आठवडी बाजारातसुद्धा मला एकच प्रश्न विचारण्यात येतो, “सर, तिकडे काय पाहिले?” पाहिले पुष्कळ. उंच मनोऱ्यांची देवालये पाहिली, ईझार नदीच्या बेटावरील यंत्रांचे विख्यात संग्रहालय पाहिले, आल्प्स पर्वताची हिमाच्छादित शिखरे दुरून पाहिली. त्या सर्वांची वर्णने व चित्रे तुम्हांस पुस्तकांत मिळतील. परंतु ज्या एका जागेने मला घरी परतल्यावरही स्वस्थ बसू दिले नाही, ती म्हणजे एक पेयगृह होय. जेथे लोक लांबलचक बाकांवर बसून बिअर पितात व जेवतात, असे एक जुने, प्रशस्त व गजबजलेले भोजनगृह.

हे वाचून काही पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. शिक्षकाने मद्याच्या घरात पाऊल टाकावे, आणि वर त्याचे वर्णन मुलांच्या अंकात छापावे, हे कसे? त्यांस माझी एवढीच विनंती की, लेख शेवटपर्यंत वाचावा व मग निवाडा करावा. मी तेथे जे चाखले ते मद्य नव्हे. आणि तेथून जे घेऊन आलो ते तर मुळीच नव्हे.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्यास मद्य म्हणजे काय हे पुस्तकांतून शिकावे लागत नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची झाडे बहरतात, रात्रभर टपटप फुले गळतात, आणि पहाटे बायामुले टोपल्या घेऊन ती वेचावयास रानात जातात. ते फूल किती निर्दोष! गोड, रसाळ, मोत्यासारखे. वाळवून ठेवले तर अडचणीच्या दिवसांत गरिबाच्या पोटास आधार होते. परंतु तेच फूल पाण्यात कुजवून भट्टीवर चढविले की, त्याच आधाराचा वैरी होतो. माझ्या आईचे थोरले भाऊ मोठे कष्टाळू शेतकरी होते. त्यांच्या धानाच्या पाच बांध्या होत्या. आम्ही सुट्टीत मामांकडे जात असू, तेव्हा दरवर्षी एक बांधी कमी झालेली असे. शेवटच्या वर्षी मामा स्वतःच दुसऱ्याच्या बांधीत मजुरीने रोवणी करीत होते. त्यांच्या पश्चात आईने मला व माझ्या भावास एवढेच सांगितले, “ह्या घरात ती बाटली येऊ नये.” ती आली नाही. आपल्या दक्षिणेस लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, चळवळ करून 1993 साली दारूबंदी करून घेतली, तेव्हा आईने त्या अनोळखी बायांना घरात बसून मनापासून आशीर्वाद दिला होता.

तेव्हा म्यूनिकमध्ये माझ्या माजी विद्यार्थ्याने मला त्या पेयगृहाच्या दाराशी नेले, त्या वेळी माझे पाय का थबकले हे तुम्ही समजू शकाल. हा विद्यार्थी आमगावकडील एका शेतकऱ्याचा मुलगा. आपल्याच शाळेतून मॅट्रिक होऊन, पुढे अभियंता होऊन, तो आता तेथे पत्नी व आठ वर्षांच्या कन्येसह राहतो. त्यानेच आग्रहाने मला बोलावून घेतले होते. माझा संकोच ओळखून तो म्हणाला, “सर, आपणांस बरे वाटत नसेल तर इमारत बाहेरूनच पाहू आणि परत फिरू.”

मी विचारले, “तू येथे कशासाठी येतोस?”

“जेवावयास, सर. मी पीत नाही. पहिल्या हिवाळ्यात ह्या शहरात माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. चार वाजताच अंधार पडे. कामावरून यावे, खोलीत एकट्याने भात शिजवावा आणि भिंतीकडे तोंड करून खावा. एके दिवशी येथे आलो, तर शेजारी बसलेल्या माणसाने माझे नाव विचारले. कचेरीबाहेर ह्या देशात माझे नाव विचारणारा तो पहिला मनुष्य.”

हे ऐकल्यावर मात्र मी दाराबाहेर उभा राहिलो नाही. ज्या बाकाने माझ्या विद्यार्थ्यास एकटेपणातून वर काढले, तो बाक पाहणे हे मला कर्तव्यच वाटले.

त्या घराचे नाव होफब्रॉयहाउस, म्हणजे दरबारची बिअर गाळण्याचे घर. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा विल्हेल्म ह्याने 1589 साली ते स्थापन केले. त्यापूर्वी दरबारास बिअर दूरच्या शहरांतून विकत आणावी लागे व त्यात खजिन्याचा पैसा जाई. हा खर्च वाचावा हाच हेतू. पुढे 1828 साली राजा पहिला लुडविग ह्याने हे घर सामान्य जनांस खुले केले. बिअर गाळण्याचे काम 1896 साली शहरात दुसरीकडे हलविण्यात आले, आणि 1897 साली आजची इमारत उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने तिची मोठी हानी झाली. ती पुन्हा बांधून काढून 1958 साली वरचे मोठे सभागृह लोकांस खुले झाले. आजही हे घर बव्हेरिया राज्य सरकारच्याच मालकीचे आहे.

बिअर ही सातूपासून होते. सातू भिजवून, मोड आणून, वाळवितात. त्याचा काढा करून त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालतात, आणि तो आंबवितात. ह्या प्रदेशात 1516 साली असा कायदा झाला होता की, बिअरीत सातू, हॉप व पाणी ह्यांवाचून दुसरे काहीही घालू नये. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक मौज लक्षात घ्यावी. ज्या किण्वामुळे काढा आंबतो त्याचे नावच त्या कायद्यात नाही, कारण तो सूक्ष्म जीव तेव्हा कोणास ठाऊकच नव्हता. त्याचे कार्य पुढे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर ह्यांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले. मोहाची दारू भट्टीवर गाळून तीव्र केलेली असते, बिअर केवळ आंबविलेली असते. म्हणून ती सौम्य. परंतु सौम्य म्हणून निरुपद्रवी, असे कोणी समजू नये. तेथे ती लिटरभर मावेल अशा जाड काचेच्या पेल्यातून पितात, आणि मद्यापायी त्या सुसंपन्न देशातही दरवर्षी हजारो माणसे मृत्युमुखी पडतात.

आत गेलो. कमानदार छताखाली, रंगीत वेलबुट्टीच्या खाली, सुमारे हजार माणसे एका वेळी बसतील असे ते दालन. मध्यभागी पितळी वाद्यांचा ताफा वाजत होता. पारंपरिक झग्यातील वाढणाऱ्या स्त्रिया दोन्ही हातांत मिळून आठ-दहा भरलेले पेले धरून गर्दीतून अशा सहज वाट काढीत होत्या की, पाणी भरून येणाऱ्या आपल्याकडील बायांची आठवण व्हावी. परंतु माझे लक्ष वेधले ते टेबलांनी. एकेका कुटुंबास वेगळे असे लहान टेबल तेथे नव्हतेच म्हटले तरी चालेल. जाड लाकडाची लांब टेबले, दोन्ही बाजूंस लांब बाक, आणि एका बाकावर ओळखीचे-अनोळखी सगळे खांद्यास खांदा लावून बसलेले. रिकामी जागा दिसली की येणारा विचारतो, “इस्ट हिअर फ्राय?”, म्हणजे, “ही जागा मोकळी आहे का?” बसलेला मान हालवितो, थोडा सरकतो, आणि येणारा बसतो. झाले! एवढाच तेथील विधी.

माझ्या विद्यार्थ्याने तोच प्रश्न एका वृद्ध गृहस्थास विचारला. ते सरकले व आम्ही चौघे बसलो. त्यांच्यासमोर झाकणाचा मातीचा पेला होता. तो त्यांचा स्वतःचा. येथील नेहमीच्या मंडळींचे पेले एका जाळीदार कपाटात कुलपात ठेवलेले असतात. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, किल्ली ज्याच्या त्याच्याजवळ. गृहस्थ महायुद्ध संपले त्या वर्षी जन्मलेले, आणि आठवड्यातून एकदा येथे यावयाचे हा त्यांचा पुष्कळ वर्षांचा नेम.

जेवण आले. वेणीसारखी वळलेली, वरून जाड मिठाचे खडे लावलेली ब्रेट्झेल नावाची पोळीहून जाड पाव-रोटी. बटाट्याचे उकडलेले गोळे, ज्यांस क्नोडेल म्हणतात. भाजलेले डुकराचे मांस. आणि बारीक चिरून मिठात आंबविलेली कोबी. त्या कोबीचा पहिला घास घेताच मला आपल्या अंबाडीच्या भाजीचे स्मरण झाले. आंबट चवीस देशाच्या सीमा नसतात. माझ्या विद्यार्थ्याची पत्नी मांस खात नाही. तिच्यासाठी चीज घातलेल्या पिठाच्या लहान शेवया व वर तळलेला कांदा आला. बटाट्याचा गोळा पोटात जड बसला, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. भातावर वाढलेल्या माणसास तो पचविण्यास अर्धा दिवस लागतो.

पिण्यासाठी आम्ही सफरचंदाचा रस व सोड्याचे पाणी असे मिश्रण मागविले. येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. जर्मनीतील कायद्याप्रमाणे मद्य विकणाऱ्या भोजनगृहाने निदान एक मद्यरहित पेय तरी असे ठेवले पाहिजे की, ते सर्वांत स्वस्त मद्याहून महाग असणार नाही. केवळ पैशाच्या ओढीने कोणास मद्याकडे वळावे लागू नये, हा त्याचा हेतू. हा कायदा मला मोठा शहाणपणाचा वाटला.

वृद्ध गृहस्थांनी माझ्या पेल्याकडे पाहिले व मुलीस काही विचारले. तिची जर्मन भाषा आपल्या मराठीइतकीच अस्खलित. बाबांचे सर म्हणून तीही मला ‘सर’च म्हणते. ती म्हणाली, “सर, ते विचारतात की, तुम्ही पीत नाही ते धर्माची मनाई आहे म्हणून का?”

मी म्हणालो, “त्यांना सांग, मनाई आईची आहे. माझ्या मामांच्या पाच बांध्या ह्यापायी गेल्या.”

‘बांधी’ ह्या शब्दाशी ती अडली. तिने बापाकडे पाहिले. तो म्हणाला, “भाताचे शेत, बेटा.” तिने ते सांगितले. गृहस्थ काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी त्या जाळीदार कपाटाकडे बोट दाखविले, आणि मुलीने हळूच त्यांचे शब्द मला मराठीत सांगितले, “माझ्या कप्प्याशेजारचा कप्पा माझ्या धाकट्या भावाचा होता. आता तो दुसऱ्या कोणाचा आहे. तेव्हापासून मी एकच पेला घेतो आणि घरी जातो.”

ह्यावर मी काय बोलावे? सात समुद्रांपलीकडचा तो मनुष्य आणि मी, दोघांचे दुःख एकाच जातीचे निघाले. त्यांनी आपला पेला उचलला. तेथे पेल्यास पेला भिडविताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे असा रिवाज आहे. मी माझा सफरचंदाचा पेला उचलला. त्यांच्या पेल्यात काय आहे हे मी विचारले नाही, माझ्या पेल्यात काय आहे ह्याचे त्यांस काही वाटले नाही. मी मुलीकरवी विचारले, “रोज कोणी अनोळखी मनुष्य शेजारी येऊन बसतो, ह्याचे आपणांस काहीच वाटत नाही?” ते हसून म्हणाले, “बाक माझा थोडाच आहे?”

विद्यार्थिमित्रहो, त्या एका वाक्याने माझे मन म्यूनिक सोडून थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचले. कारण आपल्याकडे बाक कोणाचा, हा प्रश्न शतकानुशतके सर्वांत मोठा प्रश्न होता. माझे वडील लहान असताना एका गावी लग्नास गेले होते. पंगती उठल्यावर त्यांस व त्यांच्या भावंडांस अंगणाच्या कडेस, घरून नेलेल्या ताटांत, हातभर उंचीवरून वाढण्यात आले. अन्न तेच होते; भात तोच, वरण तेच. पण वडील म्हणत, “त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि उपाशी घरी आलो.”

आणि ही गोष्ट केवळ दुबळ्यांच्याच वाट्यास आली असे नाही. इतिहासाच्या तासाला मी तुम्हांस पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाची हकीकत सांगितलेली आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये तेथे व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील नामांकित मंडळी जमली होती. हा समारंभ घडवून आणणारे गृहस्थ म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे पती गोपाळराव जोशी. मंडळींसमोर चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावला. त्यानंतर गोपाळरावांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली, आणि सगळ्या पुण्यात गहजब उडाला. त्या नावांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, गोपाळ कृष्ण गोखलेही होते. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, बहिष्काराचा धाक पडला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांसारख्या विद्वानासही 1892 साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. विचार करा, एक पेला चहा! त्यात नशा नव्हती, विष नव्हते. तो कोणाच्या घरचा, एवढाच त्याचा दोष. आणि चहाची गोष्ट राहो, साध्या पाण्यासाठीसुद्धा 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांना हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, हे आपण सर्व जाणतोच.

म्हणून त्या पेयगृहात माझ्या मनाची स्थिती मोठी विलक्षण झाली. ज्या पेयाचा मला तिटकारा, त्याच पेयाच्या घरात मला असा एक बाक सापडला की, ज्यावर माझ्या वडिलांना कोणी “उठा” म्हटले नसते. पेला वाईट आणि बाक चांगला, असे एकाच छताखाली आढळले. मनुष्याच्या रीतिरिवाजांत धान व तण असे मिसळूनच उगवते. निंदण करणाऱ्यास दोन्ही ओळखता आली पाहिजेत.

परंतु मी इतिहासाचा शिक्षक. एवढ्यावर संतुष्ट होऊन उठलो असतो तर तुम्हीच मला नावे ठेविली असती. निघताना मी विद्यार्थ्यास म्हणालो, “वरचे सभागृह दाखव.” आम्ही जिना चढून गेलो. उंच छताची, झेंडे टांगलेली ती विस्तीर्ण खोली तेव्हा रिकामी होती. ह्याच जागी 24 फेब्रुवारी 1920 रोजी सुमारे 2000 लोकांसमोर अ‍ॅडॉल्फ हिटलरने आपल्या पक्षाचा पंचवीस कलमांचा कार्यक्रम वाचून दाखविला. ज्यू मनुष्य ह्या राष्ट्राचा नागरिक होऊ शकत नाही, असे त्यातील एका कलमात स्पष्ट म्हटले होते. पुढे 1923 च्या नोव्हेंबरात त्याने सत्ता बळकावण्याचा जो पहिला फसलेला प्रयत्न केला, तोही ह्याच शहरातील दुसऱ्या एका पेयगृहातून. आणि 1933 नंतर जेव्हा खरीच सत्ता हाती आली, तेव्हा अनेक भोजनगृहांच्या दारांवर ज्यूंना मज्जाव असल्याच्या पाट्या लागल्या. त्याच वर्षी मार्च महिन्यात म्यूनिकपासून जवळच डाखाउ येथे बंदिवानांची छावणी उघडण्यात आली.

तेव्हा नुसता लांब बाक असून भागत नाही. त्या रात्रीही लोक खांद्यास खांदा लावूनच बसले होते, पेल्यास पेला भिडवीतच होते. शेजारी बसलेल्याच्या खांद्याची ऊब घेता घेता, तेथे नसलेल्या माणसाविषयी द्वेष ऐकत होते आणि टाळ्या वाजवीत होते. एकत्र बसणे ही अर्धी गोष्ट झाली. आपण एकत्र बसलो असता जो तेथे नाही त्याच्याविषयी काय बोलतो, आणि तो आलाच तर सरकतो की नाही, ही उरलेली अर्धी. मुलगी खाली येताना म्हणाली, “सर, आमच्या शाळेत बाई सांगतात की, हे विसरावयाचे नाही.” जी राष्ट्रे आपली काळी पाने मुलांपासून लपवीत नाहीत, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. आपणही आपल्या पंगतींची काळी पाने लपवू नयेत, म्हणूनच वडिलांची हकीकत मी येथे लिहिली आहे.

पुढच्या रविवारी आम्ही ‘इंग्रजी उद्यान’ नावाच्या विशाल बागेत गेलो. तेथे चिनी पद्धतीचा एक लाकडी मनोरा आहे, आणि त्याच्याभोवती चेस्टनट वृक्षांच्या छायेत सुमारे 7000 माणसे बसतील एवढी बाके मांडलेली आहेत. अशा बागांची कथा ऐकण्याजोगी आहे. शीतयंत्रे नव्हती त्या काळी बिअर थंड राहावी म्हणून ती जमिनीखालच्या तळघरांत साठवीत, आणि वर सावलीसाठी रुंद पानांची झाडे लावीत. लोक तेथेच सावलीत बसून पिऊ लागले. तेव्हा शहरातील खाणावळवाल्यांनी गाऱ्हाणे केले की, आमचे गिऱ्हाईक तुटते. राजाने 1812 साली तोड काढली. तळघरवाल्यांनी पेय विकावे, पण भाकरीवाचून अन्न विकू नये. लोक काय करणार? ते घरून शिदोरी बांधून नेऊ लागले. आता तेथे अन्नही विकत मिळते. परंतु आपली शिदोरी आणून बसण्याची मोकळीक आजतागायत टिकून आहे, आणि बव्हेरिया सरकारच्या 1999 सालच्या नियमांत तिचा उल्लेखही आहे.

शिदोरी हा शब्द मी उच्चारताच माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीने पिशवी उघडली. तिने पहाटे उठून तांदळाच्या भाकरी, कोरडे बेसन, कांदा व लाल मिरचीचा ठेचा असा बेत केला होता. आम्ही फडके पसरतो न पसरतो तोच एक जर्मन कुटुंब आले. आई, बाप व दोन मुले. “ही जागा मोकळी आहे का?” आमची छोकरी तत्काळ सरकली व मोठ्या ऐटीत म्हणाली, “बसा.” त्यांनी आपल्या टोपलीतून पांढरा मुळा काढला. त्याची एका विशिष्ट चाकूने नागमोडी चकती कापून, मीठ लावून, ती पंख्यासारखी उलगडतात. त्यांनी मुळा पुढे केला, आम्ही भाकरी पुढे केली. त्या गृहस्थांनी ठेच्याचा आकार पाहून तो मुरंबा असावा असा तर्क केला व चांगला चमचाभर तोंडात टाकला. पुढे काय झाले ते सांगावयास नको! त्यांचे डोळे पाण्याने भरले, मुले टाळ्या पिटून हसू लागली, आणि त्यांच्या पत्नीने आपला पाण्याचा पेला त्यांच्या हाती देऊन, मग स्वतः चमच्याच्या टोकाने तो पदार्थ चाखून, त्याची कृती विचारली. ती कृती कागदाच्या तुकड्यावर जर्मन भाषेत लिहून देण्यात आली. गोंदियाचा ठेचा आज म्यूनिकमधील एखाद्या स्वयंपाकघरात होत असेल, ही कल्पना मला अद्यापि आनंद देते.

त्या दुपारी त्या टेबलाशी आठ माणसे बसली होती. जात, भाषा, वर्ण, काही एक सारखे नव्हते. आमच्या बाजूस बिअरीचा थेंब नव्हता, तरी मैफलीत काही उणे पडले नाही. तेव्हा माझी खात्री पटली की, माणसांस जवळ आणणारा पदार्थ पेल्यात नसतो. तो बाकावरच्या त्या वीतभर जागेत असतो, जी आपण दुसऱ्यासाठी सरकून मोकळी करतो.

आता पालकांस एक विनंती. आपल्या गावी मनुष्य संध्याकाळी गुत्त्याकडे वळतो, तो केवळ जिभेच्या चवीसाठी वळतो असे मला वाटत नाही. दिवसभर राबल्यावर चार माणसांत बसावे, कोणी आपले नाव घ्यावे, ही भूकही त्यात असते. ती भूक खरी आहे. तिला दुसरी जागा मिळाली नाही, तर मनुष्य मिळेल त्या जागी जातो. गावात एखादे वाचनालय, एखादा पार, भजनाची वा झाडीपट्टीच्या नाटकाच्या तालमीची एखादी पडवी अशी असावी की, जेथे बाटलीवाचून बाक मिळेल. माझ्या मामांस असा बाक मिळाला असता तर त्यांच्या बांध्या राहिल्या असत्या की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु तसा बाक गावात नव्हता, एवढे मला ठाऊक आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगावयाचे ते थोडे आहे. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून जातो, तेव्हा तुमचे डबे उघडलेले पाहतो. लिंबाच्या झाडाखाली तेच पाच जण, पायऱ्यांवर तेच चार, आणि पाण्याच्या टाकीपाशी कोणी एक, जो यंदाच नवीन आला आहे, किंवा ज्याच्या डब्यात रोज एकच भाजी असते, पाठ करून भराभर जेवीत असतो. त्याच्यावर कोणी पाटी लावलेली नाही, हे खरे. पण त्याच्यासाठी कोणी सरकलेलेही नाही. उद्या मधल्या सुट्टीची घंटा झाली की, आपला डबा उचला, त्याच्यापाशी जा, आणि विचारा, “ही जागा मोकळी आहे का?”